एका महिलेने मत मांडले

रेल्वेच्या देखरेख कार्यालयात मी एकतीस वर्षं लघुलेखक होते. तेवढ्या वर्षांत किती पानं टाइप केली असतील कोण जाणे. त्यातली एक ओळ मात्र मला पाठ आहे. ‘एका महिलेने थांबा सुरू ठेवावा असे मत मांडले.’ ती महिला माझी सख्खी मोठी बहीण होती.

रेल्वे चालवणारी कंपनी वेगळी आणि तिच्यावर नजर ठेवणारं सरकारी कार्यालय वेगळं. आम्ही नजर ठेवणारे. गाड्या वेळेवर धावतात का, फाटकं नीट लागतात का, डब्याची पायरी म्हाताऱ्या माणसाला चढण्याजोगी आहे का, हे सगळं आमच्याकडे असायचं. सरकार नव्या रुळांसाठी पैसा द्यायला निघालं की त्याच्या बदल्यात कंपनी काय बंद करू पाहते, याची चौकशीही आमच्याकडे यायची. कंपनीला नवे रूळ हवे असायचे आणि जुने थांबे नको असायचे. गाडी वाटेत थांबली नाही की ती वेगवान, असं साधं गणित.

आमचे मोठे साहेब म्हणजे मुख्य निरीक्षक. माणूस सरळ, पण फार संथ. त्यांच्या खोलीत गेलेली फाइल म्हातारी होऊनच बाहेर येते, असं आम्ही म्हणायचो. प्रत्येक कागद तीनदा वाचायचे. तोंडात सतत खोकल्याची गोळी असायची. एखादी गोष्ट खरोखर डोक्यात शिरली की ती गोळी चघळायची थांबायचे. सगळं कार्यालय त्यांच्या गालाकडे बघून फाइलचं काय होणार ते ओळखायचं.

मी तेहतीस वर्षांची असताना ताईच्या गावचा थांबा आमच्याकडे चौकशीला आला. थांबा म्हणजे काय, एक बाक आणि एक पाटी. खिडकी नाही, मास्तर नाही. कंपनीच्या कागदात लिहिलं होतं की तिथून रोज सरासरी चार माणसं गाडीत चढतात. पंचविसाच्या खाली संख्या गेली की थांबा काढता येतो, असा नियम होता. पण काढण्याआधी आम्ही गावात जाऊन लोकांचं ऐकायचं, असाही नियम होता, आणि साहेब तो मनापासून पाळायचे.

सुनावणीच्या दौऱ्यावर जाणाऱ्याला एक कागद भरून द्यावा लागे: या प्रकरणात माझं कुणी नातेवाईक नाही. मी तो सही करून दिला. ताई तिथे राहते हे काय मला माहीत नव्हतं? पण माझा तो पहिलाच दौरा होता आणि त्यावर नोकरी पक्की होणार होती. शिवाय मनात म्हटलं, ताई काही तिथे येणार नाही, आली तरी तोंड उघडणार नाही. आमची ताई म्हणजे शिवणाच्या मशीनवर मान खाली घालून बसणारी बाई. भावजी लाकडाच्या वखारीत कामाला होते आणि त्यांची एकुलती एक मुलगी, माझी भाची, रोज सकाळच्या गाडीने जिल्ह्याच्या गावी परिचारिकेचं शिकायला जायची. दुसरं वर्ष चालू होतं तिचं. थांबा गेला तर तिचं शिक्षण गेलं, हे मला सही करताना ठाऊक होतं. तरी सही केली. म्हटलं, निकाल काय मी थोडाच देणार आहे, मी फक्त लिहिणार.

सुनावणी शाळेच्या मोठ्या खोलीत होती. मुलांची बाकं एका बाजूला रचून ठेवली होती आणि मोठी माणसं त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत दाटीने उभी होती. मी साहेबांच्या डाव्या हाताला बसले. समोर कंपनीचा वकील. चकचकीत बूट, चकचकीत भांग, आणि दर दोन वाक्यांनंतर ‘नियमाने बघायला गेलं तर’. मी नवा कोट घातला होता, केस कापून घेतले होते. साहेब एकदा मला ‘आमच्या बाई’ म्हणाले तेव्हा माझी मान किती ताठ झाली होती, ते आज आठवलं तरी नको वाटतं.

पहिल्या तासाभरानंतर चहासाठी सगळे थांबले. वकील साहेबांशी काहीतरी बोलत आमच्या टेबलाशीच उभा होता. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत ताई आली. पायात फाटक्या चपला, अंगावर कामाचेच कपडे, खांद्यावर माप घ्यायची फीत तशीच विसरलेली. थेट टेबलापर्यंत येऊन तिने माझा गाल धरला.

“काडे! अगं किती वाळलीस! आणि केसांचं काय करून घेतलंस हे?”

लहानपणी मी काडीसारखी होते म्हणून घरात मला काडी म्हणत. ते नाव कार्यालयात कुणाच्या कानावर जाऊ नये म्हणून मी किती जपले होते!

वकिलाने भुवया वर केल्या. “ओळखीच्या वाटतं, बाई?”

साहेबांनीही माझ्याकडे बघितलं. सहज बघितलं, त्यात संशय नव्हता काही. त्या वेळी ‘ही माझी बहीण’ एवढे तीन शब्द मी बोलले असते तर काय झालं असतं? फार तर साहेबांनी नाराज होऊन दुसऱ्या कुणाला लिहायला बसवलं असतं. मला मागच्या बाकावर बसून चहा प्यावा लागला असता. नोकरी पक्की व्हायला आणखी वर्ष लागलं असतं. बस. यापेक्षा जास्त काही होणार नव्हतं, हे मी पुढे नोकरीच्या नियमांच्या पुस्तकात स्वतः बघून घेतलं.

“नाही,” मी म्हटलं. “यांचा काहीतरी गैरसमज झालेला दिसतो.”

ताईचा हात माझ्या गालावरून निघाला. क्षणभरच ती माझ्याकडे बघत राहिली. मग वकिलाकडे वळून चक्क हसली.

“चुकलंच माझं. आमच्यात एक आहे अशीच बारीक. लांबून तीच वाटली.”

आणि मागे जाऊन गर्दीत उभी राहिली. मला वाटलं, सुटले.

चहानंतर साहेबांनी विचारलं, “आणखी कुणाला बोलायचं आहे?” आणि मागून फीत हलली. ताई पुढे आली. तिच्या हातात दोऱ्यात ओवलेला जाडजूड गठ्ठा होता.

ती काय बोलली ते मी लघुलिपीत शब्दन् शब्द टिपलं. बोटांना सवयच होती, ती माझ्या परवानगीसाठी थांबली नाहीत. आजही ते सगळं मला तोंडपाठ आहे.

“साहेब, मी शिवणकाम करते. बायकांची मापं लिहायला कागद कुठून आणणार? मी जुन्या तिकिटांच्या पाठीवर लिहिते आणि ती कापडाला टाचते. अशी तीन वर्षांची तिकिटं आहेत ही. माझी, शेजारपाजारची, सगळ्यांकडून मागून घेतलेली. परवा कळलं, सरकारी कागदात लिहिलंय म्हणे की आमच्या थांब्यावर चारच माणसं चढतात. म्हटलं, असं कसं? सकाळच्या गाडीला चाळीसएक डोकी असतात, बसायला मिळेल की नाही म्हणून मी रोज बघते ना! मग मी ही तिकिटं उलटी केली. तीन वर्षं मी यांची पाठच बघत होते, तोंड कधी बघितलंच नव्हतं. तर एकाही तिकिटावर आमच्या थांब्याचं नाव नाही!”

खोलीत हसू फुटलं. ताई थांबली नाही.

“आमच्याकडे खिडकी नाही. गाडीत गार्ड येतो आणि पुस्तकातून तिकीट फाडून देतो. त्या पुस्तकावर मागच्या स्टेशनाचं नाव आधीच छापलेलं. येताना तिकीट काढावं तर ते पुढच्या स्टेशनाचं देतात, भाडं एकच म्हणून. म्हणजे आम्ही चढतो इथून आणि कागदावर चढतो तिथून. आमच्या नावाने कागदावर आहेत ते फक्त चार पोरांचे पास. एक माझ्याच मुलीचा. आता तुम्ही म्हणणार, इथे माणसंच नाहीत. मग साहेब, ही मापं कुणाची?”

साहेबांचा गाल थांबला होता. खोकल्याची गोळी एका बाजूला जाऊन बसली होती. वकील खाली कागदात काहीतरी शोधत होता.

“तो गठ्ठा आमच्या बाईंकडे द्या,” साहेब म्हणाले. “आणि तुमचं नाव, पत्ता सांगा. त्या लिहून घेतील.”

ताईने गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. वरच्याच तिकिटावर तिच्या तिरक्या अक्षरात कुणाच्या तरी छातीचं आणि कंबरेचं माप होतं. साक्षीदाराच्या अर्जात नाव, पत्ता आणि बाई असेल तर माहेरचं नाव, अशा तीन रेघा होत्या. आमचं माहेरचं आडनाव असं चमत्कारिक की अख्ख्या खात्यात ते माझ्याशिवाय कुणाचं नव्हतं. ताईने हळू आवाजात नाव सांगितलं, पत्ता सांगितला. माहेरचं नाव सांगायच्या आधी ती थांबली आणि तिने माझ्याकडे बघितलं. सांगू का, असं विचारत होती.

“झालं,” मी म्हटलं. “पुढचे कोण?”

मी एकही रेघ भरली नव्हती.

आणि सुनावणीचा अकरावा नियम असा होता की, ज्या साक्षीला नाव-पत्ता नाही, ती विचारात घेता येणार नाही. तो नियम मला पाठ होता, कारण त्या नियमांची सगळी प्रत मीच टाइप केली होती.

परत आल्यावर मी अहवालासाठी साक्षी टाइप करायला घेतल्या. ताईचं बोलणं वहीत अडीच पानं होतं. ते नावाशिवाय टाइप केलं असतं तर साहेबांनी नाव विचारलं असतं. नाव टाकलं असतं तर वकिलाने माझा कागद काढला असता. मी दुपारभर मशीनसमोर बसून राहिले. मग ती एक ओळ टाइप केली. वाईट याचं वाटतं की ती ओळ लिहिताना मला सुटल्यासारखं वाटलं. तिकिटांचा गठ्ठा मी महिना अखेरीस रद्दीच्या पोत्यात टाकला. तो नुसता टाकता येईना, दोरा पोत्याच्या शिवणीत अडकला. कात्रीने कापावा लागला.

आठवड्याभरात साहेबांनी मला आत बोलावलं. “त्या शिवणकाम करणाऱ्या बाई तिकिटांचं काहीतरी सांगत होत्या. ते अहवालात दिसत नाही?”

“नाव नोंदवलेलं नाही, साहेब.”

“अरे! का बरं?”

“गर्दीत राहून गेलं.”

“असं व्हायला नको होतं,” एवढंच म्हणाले. रागावलेसुद्धा नाहीत. रागावले असते तर कदाचित मी बोलून गेले असते.

महिन्याने, मार्च महिना होता, त्यांनी पुन्हा विचारलं. फाइल तिसऱ्यांदा वाचत होते. “त्या बाईंना परत बोलावता येईल का? त्यांच्या म्हणण्यात तथ्य असेल तर कंपनीची सगळी आकडेवारीच पडते. पत्ता मिळेल कुठून?”

“नाही मिळणार, साहेब.”

त्यांनी फाइल मिटली. “मग नियमाने घेता येत नाही,” म्हणाले आणि गोळी पुन्हा चघळू लागले.

ऑगस्टात थांबा बंद झाला. पाटी काढली, बाकसुद्धा काढून नेलं. नव्या रुळांवरून गाडी न थांबता जाऊ लागली. जवळचं स्टेशन साडेसात किलोमीटरवर, मधे नदी, आणि पूल गावाच्या भलत्याच टोकाला. भाचीने पावसापाण्यात तीन महिने सायकल मारली. मग दोनदा आजारी पडली, हजेरी कमी भरली, तिसऱ्या वर्षाला बसता आलं नाही. ताईच्या शेजारी दुसरं मशीन आलं.

त्याच सुमारास ताईचं पत्र आलं. लिहिलं होतं, ‘तू बरी आहेस ना? तब्येतीला जप. ती तिकिटं काम झालं असेल तर परत मिळतील का? सगळ्या गावाची मापं नव्याने घ्यावी लागतायत आणि निम्म्या जणी रुंद झाल्यात, त्या माझ्यावरच चिडतात.’ शाळेतल्या त्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही. मी उत्तर पाठवलं, ‘सरकारी कागद परत देत नाहीत.’

नोकरी पक्की झाली. पुढे बढत्याही मिळाल्या. लग्न केलं नाही. सुट्टीत ताईकडे जायचे, पण दोन दिवसांच्या वर राहायचे नाही. भाचीला भारी कापडं न्यायचे, कैच्या न्यायचे. ती हसून म्हणायची, “मावशी, तू आलीस की दुकानच येतं.” ताईने मला त्या दिवसाबद्दल कधी विचारलं नाही. माझी कल्पना अशी की तिने मला मनातून माफ करून टाकलं असणार. एवढ्या वर्षांत ती कल्पना मी उबदार पांघरुणासारखी वापरली.

एक गोष्ट मात्र मला दिसायची आणि मी ती बघायची नाही. ताई चार माणसांत बोलायची बंद झाली होती. भावजी गेले तेव्हा वखारीतले लोक जमले होते, कुणीतरी म्हणालं, वहिनी, तुम्ही दोन शब्द बोला. तिने मान हलवली. “मला बोलता येत नाही,” म्हणाली. “मी बोलले की बिघडतं.” दुःखात माणूस असंच काहीतरी बोलतं, असं मी स्वतःला सांगितलं.

आता मी एकोणऐंशीची आहे. ताई चौऱ्याऐंशीची. गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. ती स्वतः चौसष्टची झाली, पण फोनवर अजून एका दमात बोलते.

“मावशी, ऐक. सरकार पुन्हा रेल्वेत पैसा घालतंय, आणि जुने बंद केलेले थांबे परत उघडायचे का त्याची सुनावणी आहे. आपल्याकडेही आहे, याच शुक्रवारी. त्या वेळी बोललेली माणसं आता उरलीत कुठे? एक आईच. सगळे तिच्या पाया पडतायत, ती ऐकत नाही. तू तर त्याच खात्यातली. तू येऊन सांग तिला.”

“ती काय म्हणते?”

“म्हणते, मागच्या वेळी मी बोलले आणि थांबा घालवला. आता पुन्हा घालवू का?”

मी फोन ठेवला. माफ केलं असेल म्हणत होते ना मी! माफ करायला तिला काही ठाऊकच नव्हतं. ओळख नाकारली तेवढं तिला ठाऊक होतं. बाकीचं सगळं तिने स्वतःच्या डोक्यावर घेतलं होतं.

गुरुवारी दुपारी मी ताईकडे पोहोचले. भाचीने चहा दिला, पुढच्या खोलीत जाऊन मशीनवर बसली. गिऱ्हाईकाचं काम आजच द्यायचं होतं. आतल्या खोलीत ताई खिडकीशी पलंगावर बसलेली. तिला डाव्या कानाने आता अजिबात ऐकू येत नाही आणि उजव्याने ओरडल्यावर. मी उजव्या बाजूला बसले. वाटेत बसमध्ये मी वाक्यं जुळवली होती, हळुवार, सावकाश बोलायची. ती ओरडून कशी म्हणणार?

“ताई, तुझी साक्ष मी लिहिलीच नव्हती.”

“काय शिजली नव्हती?”

“साक्ष! साक्ष लिहिली नव्हती! त्या वेळी, शाळेत!”

“अगं, तू तर भराभरा लिहीत होतीस. मी बघितलं ना.”

“वहीत लिहिलं. पुढे टाइप केलं नाही. तुझं नाव घातलं नाही. नाव नसलं की धरत नाहीत.”

“ओरड जरा. कोण मरत नाही?”

मी तिसऱ्यांदा सगळं सांगितलं, घशाच्या शिरा ताणून. सेहेचाळीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट खिडकीतून रस्त्यावर जात होती. बाहेर कुणीतरी सायकल थांबवल्याचंही मला ऐकू आलं. तिकिटं रद्दीत टाकली तेही सांगितलं. साहेबांनी दोनदा विचारलं तेही सांगितलं.

ताई गुडघ्यावरची चादर बोटांनी चाचपत राहिली, शिवण तपासावी तशी.

“साहेबाने विचारलं होतं?”

“दोनदा.”

“म्हणजे मी काय म्हणत होते ते त्याला कळलं होतं.”

“सगळं कळलं होतं, ताई. त्यांना थांबा ठेवायचाच होता.”

“मग मी नीट बोलले होते.” ती खिडकीकडे बघत होती. “मला वाटायचं, मापांचं काढायला नको होतं. एवढ्या लोकांत, त्या वकिलाच्या देखत, छाती नि कंबर काय! तुझे भावजी पण म्हणाले होते, तू फार वाहवत गेलीस. आणि मी त्यांना म्हणायचे, काडीने मात्र शब्द सोडला नसेल हं एकही, माझंच सांगणं कच्चं पडलं.” तिने मान हलवली. “पोरीला सांग, उद्या मी बोलणार म्हणून. चांगले कपडे काढून ठेवायला सांग.”

“सांगते.”

मी उठायला लागले तशी तिने माझं मनगट धरलं. पकड अजून शिवणाऱ्या बाईची, घट्ट.

“ओळख दाखवली नाहीस त्याचं मला काही नव्हतं. म्हटलं, नोकरीचं काही असेल. पण लिहायला काय झालं होतं तुला? मी गेल्यावर लिहायचंस. मी काय बघायला येणार होते?”

कागदावरची सही, वकील, अकरावा नियम, हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. सगळं खरं होतं, आणि उत्तर त्यातलं एकही नव्हतं.

“लाज वाटली,” मी म्हटलं. हळूच म्हटलं, ओरडायचं विसरले.

“कशाची? माझी?”

तेवढं तिला नीट ऐकू आलं होतं.

“हो.”

तिने मनगट सोडलं. रागाने नाही. हातातलं काम संपल्यावर बाजूला ठेवतात तसं माझा हात माझ्या मांडीवर ठेवून दिला.

पुढच्या खोलीतलं मशीन कधी थांबलं ते मला कळलंच नव्हतं. भाची दारात उभी होती. ओठांत टाचण्या, हातात अर्धी शिवलेली बाही. किती वेळ उभी होती कोण जाणे, पण ओरडून सांगितलेलं सगळं तिच्यापर्यंत गेलं होतं, यात शंका नव्हती. तिने एकेक टाचणी ओठांतून काढून बाहीला लावली.

“मावशी, दुसऱ्यांदा विचारलं ते कधी?”

“मार्चात.”

“आणि गाडी बंद झाली ऑगस्टात.”

“हो.”

ती बाहीकडे बघत मनाशी काहीतरी जुळवत राहिली. मार्च, एप्रिल, मे. परीक्षा, हजेरी, सायकल. मला ते सगळं तिच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं, आणि तिथून मान वळवायची नाही एवढंच माझ्या हातात होतं.

“म्हणजे वेळ होता,” ती म्हणाली.

“काय म्हणतेय गं ती?” ताईने उजवा कान माझ्याकडे केला. “मला ऐकू नाही आलं.”

भाची माझ्याकडे बघत थांबली होती. मग मी ताईच्या कानाशी वाकले आणि मोठ्याने, सगळ्या घराला ऐकू जाईल असं सांगितलं, “वेळ होता म्हणतेय, ताई. पुष्कळ वेळ होता.”